टेक्सासमध्ये रानडुकरं उदंड, पण शिकारीला जागा मिळवायची कशी?

टेक्सासमधल्या रानडुकरांची संख्या 26 लाखांच्या वर असावी असा अंदाज आहे. त्यांच्या शिकारीला बंद हंगाम नाही, किती मारायची यावर मर्यादा नाही, नर-मादी असा भेदही नाही. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल, तर 1 सप्टेंबर 2019 पासून राज्याचा शिकार परवानासुद्धा लागत नाही. एवढं वाचून डॅलस-ह्यूस्टनच्या नव्या शिकाऱ्याला वाटतं, शहराबाहेर पडलं की काम फत्ते. प्रत्यक्षात तो कुंपणाबाहेर गाडी उभी करून आत बघत बसतो.

डुकरं मोकळी आहेत, जमीन मात्र नाही. राज्यातली सुमारे 95 टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. उरलेल्या सरकारी तुकड्यांपैकी बऱ्याच ठिकाणी शिकार एकतर बंद असते, नाहीतर सोडत काढून ठरते. म्हणून इथे खरा शोध घ्यावा लागतो तो माणसाचा: ज्याच्या रानात डुकरांनी उच्छाद मांडलाय, आणि ज्याने ते रान आधीच दुसऱ्या शिकाऱ्यांना देऊन टाकलेलं नाही, असा मालक.

इथलं डुक्कर आणि आपल्याकडचं रानडुक्कर एकाच जातीचं, पण कायदा अगदी उलटा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकराला संरक्षण आहे. पीक कितीही उद्ध्वस्त झालं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हाच. अमेरिकेत मात्र हे जनावर मूळचं नाही. 1539 मध्ये स्पॅनिश मोहीमवीर हर्नांडो दे सोटो फ्लोरिडात उतरला तेव्हा जहाजांवरून पाळीव डुकरं घेऊन आला. पुढच्या शतकांत वसाहतींतली डुकरं मोकाट सुटत गेली, आणि 1930 च्या दशकात टेक्सासच्या काही जमीनदारांनी शिकारीच्या हौसेपायी युरोपी रानडुक्कर आणून सोडलं. आजचे कळप या सगळ्यांच्या संकराचे आहेत. त्यामुळे सरकारदरबारी ते वन्यप्राण्यात मोडत नाही, मोकाट झालेलं परकं जनावर ठरतं. पुढचं सगळं त्या मुलखापुरतंच खरं आहे, हे धरून वाचा.

व्हिसावर असाल तर परवाना घ्याच

हा मुद्दा आधी घेतोय, कारण इथे चूक झाली तर ती डुकरापुरती राहत नाही. एच-1बी, एच-4, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. या बंदीला असलेल्या अपवादांपैकी आपल्या कामाचा अपवाद म्हणजे चालू मुदतीचा शिकार परवाना. आता गोची बघा. टेक्सास राज्य म्हणतं, खाजगी जमिनीवर डुकरासाठी परवाना नको. ते ऐकून एच-1बीवाला मित्राची रायफल घेऊन मळ्यात जातो. राज्याच्या नियमाने तो बरोबर, केंद्राच्या कायद्याने गुन्हेगार. बंदूक उसनी आहे म्हणून सुटका नाही, हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जातं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

उपाय स्वस्त आहे. अर्ज करण्याआधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो आणि रहिवाशाचा साधा शिकार परवाना 25 डॉलरला मिळतो. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला डुकरापुरता पाच दिवसांचा विशेष परवाना 48 डॉलरला पुरतो. वर्षाचा परवाना कधीही घ्या, 31 ऑगस्टला संपतो. जुलैत घेतलेला सप्टेंबरात चालत नाही, आणि व्हिसावाल्याच्या बाबतीत त्या दिवसापासून बंदूकही चालत नाही. ज्यांचा जन्म 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतरचा आहे त्यांनी परवान्याच्या जोडीला शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही उरकून घ्यावा. सरकारी जमिनीवर तो लागतोच.

शेतकरी हैराण असूनही नाही का म्हणतो?

नव्या माणसाला हे कोडं उलगडत नाही. ज्याचा मका डुकरांनी लोळवला तो फुकट मदत का नाकारतो? याचं मुख्य कारण हरीण. टेक्सासमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा जमीनमालकाचा मोठा जोडधंदा आहे. शिकाऱ्यांचा एखादा गट एकरी दराने वर्षाचे पैसे मोजून अख्ख्या जमिनीचा शिकारहक्क भाड्याने घेतो आणि डुकरंही बहुतेक त्यातच येतात. त्या गटाच्या मचाणांजवळ तिसराच कुणी नोव्हेंबरात गोळ्या झाडू लागला तर पुढच्या वर्षी ते पैसे येणार नाहीत. म्हणजे तुमची फुकटची मदत मालकाला महागात पडते.

दुसरं कारण सापळे. दहा-पंधरा डुकरांचा कळप एकाच वेळी आत घेऊन मोबाइलवरून दार पाडता येईल असा गोल जाळीचा सापळा बऱ्याच शेतकऱ्यांनी लावलेला असतो. आधी कितीतरी रात्री मका टाकून कळपाला त्या जागेची सवय लावावी लागते. त्यात तुम्ही जाऊन एक डुक्कर टिपलंत, की बाकीचा कळप ती जागा सोडतो आणि शहाणा होतो. मादी सहा ते आठ महिन्यांत वयात येते, साधारण 115 दिवसांत विते आणि एका वेताला चार ते सहा पिल्लं सहज होतात. टेक्सासच्या अभ्यासकांच्या हिशेबाने, संख्या नुसती आहे तिथे रोखायची म्हटली तरी दरवर्षी दोनतृतीयांश डुकरं काढावी लागतात. महिन्याकाठी दोन मारणारा हौशी शिकारी शेतकऱ्याचं नुकसान थांबवू शकत नाही, आणि हे शेतकऱ्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ‘मी तुमचा प्रश्न सोडवतो’ असं म्हणत गेलात तर तो मनातल्या मनात हसतो.

तिसरं कारण म्हणजे आधीच्या पाहुण्यांनी दिलेला मनस्ताप. फाटक उघडं राहिलं आणि गुरं रस्त्यावर गेली, ओल्या शेतात गाडी घातली, एकाला परवानगी दिली तर चौघे आले. एवढं एकदा झालं की पुढच्या दहा जणांना नकार.

दार कधी आणि कसं ठोठवायचं

या कारणांतूनच वेळ ठरते. हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि जानेवारीत संपतो, दक्षिणेत जरा उशिरा. म्हणून विचारायचं ते फेब्रुवारीत. भाडेकरू शिकारी घरी गेलेले असतात आणि मक्याची पेरणी तोंडावर असते, दक्षिणेत तर फेब्रुवारीच्या अखेरीसच तिफणी निघतात. डुकरं पेरलेल्या मक्याची ओळच धरून जातात, हे नुकसान लगेच ओळखू येतं. रात्रीतून कळप सरीत शिरतो आणि एकेक दाणा उकरत सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. सकाळी सरळ रेषेत खड्ड्यांची माळ दिसते आणि शेजारची सरी तशीच शाबूत असते. असं शेत रस्त्यावरून दिसलं तर त्या मालकाला त्याच आठवड्यात गाठावं. दुसरी घटका कणसात दूध भरतं तेव्हाची, साधारण जूनमध्ये. आखाती किनाऱ्याकडे भात, इतरत्र भुईमूग, ज्वारी आणि गहू, नदीकाठच्या बागांत शरद ऋतूत पेकान (अक्रोडासारखं फळ). जिथे जे पिकतं त्यावरून तिथल्या मालकाची अडचण कधी वाढते ते काढता येतं.

मालक कोण हे शोधणं सोपं आहे. प्रत्येक काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मालमत्ता-मूल्यांकन कार्यालयाचे नकाशे ऑनलाइन खुले असतात, तुकड्यावर बोट ठेवलं की नाव आणि पत्रव्यवहाराचा पत्ता येतो. ऑनएक्ससारखी मोबाइल ॲप्स हेच रानात उभ्या उभ्या दाखवतात. पत्ता शहरातला असेल तर मालक तिथे राहत नाही, जमीन कसणारा वेगळा आहे. अशा वेळी दोघांचाही होकार हवा, कारण पीक एकाचं असतं आणि शिकारहक्क दुसऱ्याचा. काउंटीच्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला फोन केला तर कोणत्या भागातून तक्रारी जास्त येतात एवढं तरी कळतं. खत-बियाण्याच्या दुकानात आणि कापणीचं यंत्र चालवणाऱ्यांकडे याहून ताजी बातमी असते. वाकडं वाटेल, पण जंगलात भटकण्यापेक्षा त्या दुकानाच्या काउंटरवर चहा-कॉफी घेत उभं राहणं जास्त फळतं.

बोलणं थोडक्यात आणि नेमकं ठेवा. नाव, गाव, आणि मग साधारण असं: ‘रस्त्याकडेच्या तुमच्या मक्यात डुकरांनी सऱ्या उकरलेल्या दिसल्या. हरणाच्या हंगामाबाहेर, तुम्ही सांगाल त्याच दिवशी, मी एकटा येईन. डुकराशिवाय कशाला हात लावणार नाही. येण्याआधी आणि निघताना निरोप देईन.’ पैशांची गोष्ट आधी काढू नका. नाही म्हणाला तर आभार मानून नंबर ठेवून या. पिकाला पुन्हा तोंड लागलं की तोच फोन करतो. सापळा लावणाऱ्या मालकाला बंदुकीपेक्षा हातभार हवा असतो: पहाटे सापळा तपासणं, मक्याची पोती टाकणं, मेलेली डुकरं ओढून नेणं. ही कामं करणारा माणूस पुढे एकटा-दुकटा नर टिपायलाही चालतो, कारण मोठे नर कळपापासून वेगळे फिरतात आणि सापळ्यात सहसा येत नाहीत.

होकार मिळाला की तो कागदावर घ्या. त्यात मालकाचं नाव-सही, जमिनीच्या हद्दी, तारखा, गाडीचा नंबर, सोबत कुणी असेल तर त्याचं नाव, रात्री चालेल की नाही, आणि घर, गुरं व शेजाऱ्याची हद्द कोणत्या दिशेला आहे हे सगळं यावं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करणं टेक्सासमध्ये गंभीर गुन्हा आहे, तुरुंगापर्यंत जातो. पाटी नाही म्हणून रान मोकळं असंही नाही. झाडावर किंवा खांबावर जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर जांभळ्या रंगाचे आठ इंच लांब, एक इंच रुंद उभे पट्टे दिसले तर ती प्रवेशबंदीची कायदेशीर खूण आहे. जखमी डुक्कर कुंपणापलीकडे गेलं तर पाठलाग तिथेच थांबवायचा आणि शेजाऱ्याला फोन करायचा. खाजगी जमिनीवर रात्री डुक्कर मारायला हरकत नाही, पण जाण्याआधी शेरीफच्या कार्यालयात किंवा शिकार-रक्षकाला सांगून ठेवा. रात्री गोळ्यांचा आवाज आला की शेजारी चोरटी शिकार समजून पोलिसांना बोलावतात.

सरकारी जमीन

ओळखपाळख नसलेल्याला सुरुवात इथून करता येते, फक्त अपेक्षा माफक ठेवा. टेक्सासच्या उद्यान आणि वन्यजीव खात्याचा वार्षिक सार्वजनिक शिकार परवाना 48 डॉलरला मिळतो. तो साध्या शिकार परवान्याच्या वर लागतो, त्याऐवजी नव्हे. खाजगी जमिनीची सवलत इथे लागू नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. परवान्यासोबत नकाशांची पुस्तिका आहे, आणि तीच खरी किल्ली. प्रत्येक जागेसमोर डुकरं कधी चालतात, कोणत्या हत्याराने, नाव नोंदवून आत जायचं का, हे लिहिलेलं असतं. बऱ्याच जागी डुक्कर फक्त दुसऱ्या कुठल्या तरी प्राण्याच्या खुल्या हंगामात, आणि त्या हंगामाला मान्य असलेल्या हत्यारानेच मारता येतं.

ह्यूस्टनच्या उत्तरेचं सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय वन सुमारे 1,63,000 एकरांचं आहे आणि तिथे हा वार्षिक परवाना लागतो. पूर्वेकडच्या डेव्ही क्रॉकेट, अँजेलिना आणि सबाइन वनांत काही राखीव भाग सोडले तर साध्या परवान्यावर भागतं. बिग थिकेट या केंद्राच्या राखीव अरण्यात ठरावीक विभागांसाठी वेगळा मोफत परवाना देतात, राज्याचा शिकार परवाना मात्र लागतोच. याखेरीज खातं सोडतीच्या शिकारीही ठेवतं, अर्जाला काही डॉलर पडतात. हरणाच्या सोडतीत गर्दी असते. हंगामाबाहेरच्या नुसत्या डुकराच्या सोडतीकडे कमी लोक वळतात, म्हणून नंबर लागण्याची शक्यता तिथे बरी.

सरकारी जमिनीवर तीन गोष्टींत लोक पकडले जातात. मका टाकणं: खाजगी रानात रोजचं असलेलं आमिष इथे बंद आहे. अंधार: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी चालते. आणि भडक नारिंगी कपडा: खात्याच्या सार्वजनिक जागांवर किमान 400 चौरस इंच, त्यातले 144 छातीवर व 144 पाठीवर दिसायला हवेत, शिवाय डोक्यावर नारिंगी टोपी.

मळेवाल्यांचे पैसे भरताना

पैसे मोजून दिवसभराची शिकार देणारे मळे शेकड्याने आहेत. मचाण, ठरल्या वेळी मका टाकणारं यंत्र, रात्रीची उष्णता टिपणारी दुर्बीण, मुक्काम असं जे जोडाल तसा दर चढतो. खर्च हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ‘मोकळं फिरणारं’ डुक्कर हवं असेल तर जाहिरातीचा फोटो बघू नका, कुंपणाची उंची विचारा. गुरांच्या साध्या तारेखालून डुक्कर बिनदिक्कत जातं-येतं. आठ फुटी जाळी असेल तर आतलं जनावर बहुधा आणून सोडलेलं असतं. दरपत्रकातूनही हे उघड होतं. ‘मिळालं नाही तर पैसे परत’ अशी हमी मोकळ्या रानात कुणीच देऊ शकत नाही. सुळ्यांच्या लांबीनुसार किंवा वजनानुसार नराचा वेगळा दर लावलेला असेल तर माल गोठ्यातला समजा. पुढचे प्रश्न फोनवरच उरकावेत: गेल्या पंधरा दिवसांत कॅमेऱ्यात डुकरं कितीदा आणि किती वाजता दिसली, त्या मचाणावर मागच्या आठवड्यात किती जण बसले, वारा फिरला तर दुसरं मचाण देता का. डुकराची नजर यथातथा असते, पण नाक जबर. एकाच मचाणावर रोज नवं गिऱ्हाईक बसवणाऱ्याकडे कळप आठवडाभरात फिरकेनासा होतो.

पाय ठेवल्यावर माग बघा

परवानगी मिळालेल्या जमिनीवर पहिली चक्कर बंदूक न घेता, भर दुपारी. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते पाण्याला आणि चिखलाला बांधलेलं असतं. ओढ्याकाठाने चालत जा. ब्राझोस आणि ट्रिनिटीसारख्या नद्यांच्या काठची दाट झाडी हा त्यांचा दिवसाचा आसरा. लोळणीतलं पाणी गढूळ असेल तर कळप नुकताच उठलाय, वर निवळलेला थर असेल तर जुनं. लोळल्यावर ते लगतच्या झाडाला किंवा डांबर पाजलेल्या विजेच्या खांबाला अंग घासतात. तिथे चिखलाचा पट्टा आणि त्यात रुतलेले राठ केस सापडतात, आणि पट्ट्याची वरची कड म्हणजे जवळपास जनावराच्या पाठीची उंची. कुंपणाखालची खरवडलेली फट आणि खालच्या तारेत अडकलेले केस मिळाले तर कॅमेरा तिथेच लावा, रानात इतरत्र लावायची गरज नाही. उकरलेली माती ओली-काळी आणि गवताची मुळं पांढरी असतील तर रात्रीचं काम, मातीवर साय धरून कोंब फुटले असतील तर सोडून द्या. खुराचा ठसा हरणाच्या मानाने गोलसर, बोथट टोकाचा असतो आणि मऊ मातीत मागच्या दोन नख्या बाहेरच्या अंगाला उमटतात.

दक्षिण आणि पश्चिम टेक्सासमध्ये एक सावधगिरी. जॅव्हेलिना नावाचा प्राणी लांबून लहान डुकरासारखाच दिसतो, पण तो राज्याचा संरक्षित शिकारप्राणी आहे. त्याला हंगाम, मर्यादा आणि परवाना सगळं लागतं. मानेभोवती फिकट पट्टा, न दिसणारी शेपूट आणि मागच्या पायाला तीन बोटं ही त्याची ओळख. अंधारात उष्णतेच्या दुर्बिणीतून तो पट्टा दिसत नाही, म्हणून त्या भागात रात्री शंका आली तर गोळी नको.

इतर राज्यांत टेक्सासचा नियम धरून चालू नका. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून दर डुकरामागच्या टॅगऐवजी (शिकारीला लावायची चिठ्ठी) वर्षभराची एकच नोंद पुरते, पण शिकार परवाना लागतो आणि शिशाची गोळी चालत नाही. फ्लोरिडात खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी पुरेशी आहे. कॅन्ससने 2006 मध्ये हौशी शिकारच बंद केली. टेनेसीने 2011 मध्ये आणि मिसूरीने 2016 मध्ये आपापल्या परीने तोच रस्ता धरला. कारण शिकारीची चटक लागली की काही महाभाग डुकरं ट्रकमधून नेऊन नव्या जागी सोडतात, हे तिथल्या खात्यांनी पाहिलं होतं. टेक्सासमध्येही जिवंत डुक्कर नेऊन मोकळं सोडणं बेकायदा आहे.

शेवटचा प्रश्न मालकाला जागेवरच विचारायचा: विषारी आमिष वापरता का? 2024 पासून टेक्सासमध्ये वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारं विष) असलेलं डुकरांचं आमिष काही अटींवर वापरता येतं. त्यात निळा रंग असतो आणि तो जनावराच्या चरबीत उतरतो. सोलताना हातमोजे घालाच, ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग रक्तातून माणसाला लागतो. कुत्र्याला कच्चं मांस घालू नका. उन्हाळ्यात तासाभरात मांस बर्फात गेलं पाहिजे, आणि शिजवताना आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस व्हायला हवं. चरबी निळी निघाली तर ते डुक्कर खायचं नाही, मालकाला कळवून तो सांगेल तिथे पुरायचं.